कुलूपबंद घराचं मापटं

गुरुवार, ११ डिसेंबर. देवळाचं मोठं तपेलं घासायला काढलं आहे.

भावजी, ह्या तपेल्याखाली शेवटचा जाळ लागला तो तुमच्या बाराव्याला. तेव्हा बायकांनी घाईत वरवर हात फिरवून ते पालथं घातलं, बुडाची काजळी तशीच राहिली. आज राख आणि नारळाची शेंडी घेऊन बसले. उद्या जोयड्याच्या तालुका कचेरीतून साहेब येणार आहेत. मतदानाची खोली आपल्या वाडीत ठेवायची, की आपली नावं लांबच्या कुंभारवाडा गावातल्या खोलीला जोडून टाकायची, ते बघून जाणार आहेत. मताच्या कामाला आलेला माणूस गावाचा पाहुणा, कुणा एका घरचा नाही, हा नियम तुमचा. म्हणजे उद्या घरोघरचे तांदूळ एका पोत्यात यायला हवेत आणि ह्या तपेल्यात शिजायला हवेत. पोतं घेऊन फिरणं तुमचं, तपेलं माझं, असं आजवर चालत आलं. आता दोन्ही माझ्यावर टाकून तुम्ही गेलात. मला विचारलंही नाही.

तपेलं उन्हात सुकतंय. आमच्या भाताच्या गिरणीवर आज कुणी आलं नाही. हे फोंड्याला कारखान्यात, लेक दांडेलीला, आणि बोलायला समोर माणूस नाही, म्हणून लिहिते. तुम्ही असतात तर एव्हाना एखादं भांडण सुरू झालं असतं.

नात्याने तुम्ही माझे चुलत दीर. पण आपलं नातं भांडणाचं होतं आणि भांडणाचा विषय एकच, मत. मी कॅसलरॉकची. माझा बाप रेल्वेत गँगमन. आमच्याकडे गाडी यायची, थांबायची, जायची. तिला कुणी मत देत नव्हतं. लग्न होऊन ह्या वाडीत आले आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर निवडणूक लागली. तुम्ही आमच्या पडवीत येऊन बसलात आणि मी चहा आणून ठेवला तर मलाच विचारलंत, नवीन यादीत नाव घातलंस काय. मी म्हटलं, यादीत नाव घालून मला काय मिळणार? तुम्ही कप खाली ठेवलात. त्यानंतर चहा गार होईपर्यंत तुम्ही मला ह्या मतदारसंघाचा सगळा जन्म सांगितलात.

तुमच्या बापाने पहिलं मत टाकलं तेव्हा हा भाग मुंबई राज्यात होता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चित्र. बाप आत गेला, एका पेटीवर कुणीतरी जास्वंदीचं फूल ठेवलेलं दिसलं, तो पायातलं काढून परत आत गेला. पुढच्या वेळी तेच मत म्हैसूर राज्यात गेलं. मग राज्याचं नाव कर्नाटक झालं. "आमी हितंच," तुम्ही म्हणालात. "नांगर हितं, गोठा हितं. मत तेवढं गावं फिरून आलं." ज्या सुप्याच्या बाजारात तुमचा बाप मत टाकायला गेला ते सुपा धरणाच्या पाण्यात गेलं. कचेरी जोयड्याला आली, मतदारसंघाचं नाव हल्याळचं ते हल्याळचंच राहिलं. भाषणं कानडीत व्हायची, कुणीतरी शेजारी उभा राहून मराठीत सांगायचा, आणि तुमच्या मते सांगणारा नेहमी मूळ भाषणापेक्षा जास्त देऊन टाकायचा. तिकडे पूल म्हटलं की इकडे पूल आणि दवाखाना दोन्ही.

जंगल आपल्याकडे, नदी आपल्याकडे, धरण आपल्याकडे, आणि मतं हल्याळ-दांडेलीकडे. हे तुम्हीच मला शिकवलंत. मग मी त्यातून जो सरळ अर्थ काढला तो तुम्हाला कधी पटला नाही. मी म्हणायचे, आपण मूठभर, आपल्या मतांनी कुणी येत नाही की पडत नाही. तर मग येणार आहे त्यालाच द्यावं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे रस्ता मागावा. हरणाऱ्याला दिलेलं मत म्हणजे व्हाळाच्या वाहत्या पाण्यात टाकलेलं भात. तुम्ही म्हणायचात, "व्हाळात टाकलेलं भातबी कुठंतरी उगवतं." मी म्हणायचे, उगवतं ते दुसऱ्याच्या शेतात. हे भांडण आपण गिरणीच्या इंजिनावर आवाज चढवून केलं. तांदूळ पडत असायचे, कोंडा उडत असायचा, आणि भात घेऊन आलेल्या बायका आपली मजा बघत बसायच्या. आता मी इंजिन बंद करते तेव्हा कानात नुसती घूं राहते आणि तिच्यामागे काही येत नाही.

तुम्ही पोतं घेऊन फिरायला लागलात ते मी येण्याआधीचं, पण इतक्यांदा ऐकलंय की पाहिल्यासारखं वाटतं. पूर्वी मतदानाची माणसं आदल्या दिवशी पेटी डोक्यावर घेऊन यायची, शाळेत मुक्काम, आणि जेवण ज्याची ऐपत त्याच्या घरी. एका निवडणुकीला ती एका उमेदवाराच्या माणसाकडे जेवली. कोंबडी होती म्हणे. दुसऱ्या दिवशी वाडीभर झालं की पेटी रात्रभर त्याच्याच पडवीत होती. पेटी शाळेतच होती, पण कोंबडी खरी होती, त्यामुळे बाकीचंही खरं धरलं गेलं. त्या वर्षी वाडीत होळीचे शिगमे दोन झाले. सख्खे भाऊ नाचाच्या दोन वेगळ्या मांडांवर नाचले. पुढच्या निवडणुकीला तुम्ही घरातलं लाकडी मापटं काढलंत, पोतं खांद्यावर टाकलंत आणि दारोदार गेलात. प्रत्येक घराचं एक मापटं तांदूळ. ज्याचं शेत मोठं त्याचंही एकच, ज्याला शेत नाही त्याचंही एकच. वर शीग ठेवायची नाही. तळहात फिरवून सपाट करायचं. शिजवायचं देवळासमोर, वाढायचं गावाने. आणि पोतं उचलणाऱ्याने पहिलं मापटं स्वतःच्या घरचं घालायचं, मगच दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं.

मी विचारलं होतं, घराला कुलूप असेल तर? तेव्हा गोव्याला कामावर गेलेल्यांची एकदोन घरं बंद असायची. तुम्ही म्हणालात, किल्ली ज्याच्याकडे त्याने त्या घरचं द्यायचं. "घर देतं गे. माणूस हाय न्हाई ते कोण बघतंय." मला तो तुमचा हट्टीपणा वाटला.

तुम्ही स्वतः उभे राहिलात तेव्हा मी तुम्हाला वेड्यात काढलं, हे तुम्हाला माहीत आहे. अपक्ष. चिन्ह मिळालं कपाट. अख्ख्या वाडीत एकाच्याही घरी कपाट नव्हतं. कपडे दोरीवर, भात कणगीत, पैसे असले तर डब्यात. तुम्ही कोळशाने भिंतीवर चौकोन काढून दाखवायचात आणि माणसं म्हणायची, दार कुठं हाय ह्याला? मतदानाचं यंत्र नवीनच आलं होतं. तुम्ही एका फळीवर चिंचोके चिकटवून बायकांना बटण दाबायची सवय करवलीत. त्यात तुमचा मोठेपणा असा की तुमच्या चिंचोक्यावर खूण केली नाहीत. मी म्हटलं, मग शिकवताय कशाला? "दाबायला शिकवतोय. कुणाला ते त्यांचं त्या बघतील."

आणि मग रुक्माआजी. वाडीत वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून रीतीप्रमाणे पहिली आत गेली. बोटाला शाई लावून घेतली आणि खोलीत इकडेतिकडे बघितलं. कोपऱ्यात शाळेचं लोखंडी कपाट होतं, मास्तर त्यात खडू ठेवायचे. म्हातारी सरळ तिकडे गेली, हात जोडले आणि कपाटाची मूठ जोर लावून दाबली. मग बाहेर निघाली. साहेबाने परत बोलावलं, पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभं केलं, यंत्रावरचं एक बटण दाबा म्हणून विनवलं. बाहेर येऊन ती तुम्हाला म्हणाली, "सोम्या, तुज्या कपाटाला दाबून आले हां. पर त्या मुडद्यानं परत बोलवून त्या डब्यातबी दाबाय लावलं. मी आपलं हाताला लागलं ते दाबलं."

तुम्ही शाळेच्या पायरीवर बसलात आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. आपलं हक्काचं पहिलं मत कुणा भलत्याला गेलं, आणि हा माणूस हसतोय. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की तुम्हाला जिंकायचं नाहीच आहे. तसं मी बोललेही. तुम्ही म्हणालात, "जिकायचं हाय की. पर ती कपाटाला हात जोडत हुती ते तू बघितलं न्हाईस."

अनामत गेली, ती जाणारच होती. पण जंगलापलीकडच्या दिग्गी गावच्या खोलीत तुम्हाला थोडी मतं पडली. दिग्गीत तुमची ओळख ना पाळख. आठवड्यात तुम्ही काठी घेतलीत आणि जंगलातून चालत दिग्गीला गेलात, मत कुणी दिलं ते बघायला. परत आलात ते कोकमाचं पाणी पिऊन पिऊन पोट धरून. "सुमन, जितकी मतं पडली त्याच्या दुप्पट घरं सांगत्यात, आमीच दिलं म्हणून." तुम्ही त्यांना खोटं ठरवलं नाहीत, प्रत्येक घरी बसून आलात. तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत तुमचं मत कुणाला जातं ते. आमच्या जाऊबाईंनाही नाही. त्या गेल्या तोवर एकदा तरी कळावं म्हणून त्यांनी काय काय केलं, हे त्यांनी मला सांगितलंय, आणि ते मी इथे लिहिणार नाही.

आता बहिष्काराचं. ते राहिलंच आहे आपल्यात.

व्हाळावर पूल हवा होता. पावसाळ्यात पाणी चढलं की वाडी तिकडची तिकडे. आजारी माणूस खुर्चीला बांधून चौघांनी पाण्यातून न्यायचं. एका वर्षी अशी नेतानाच शेजारच्या वाडीतली बाळंतीण गेली. त्यानंतरच्या निवडणुकीला आम्ही ठरवलं, पूल नाही तर मत नाही. आम्ही म्हणजे मीच, हे कबूल. घरोघरी मी फिरले. सगळ्यांनी मान डोलावली. तुम्हीही डोलावलीत, निदान मला तसं दिसलं. मतदानाची माणसं आली, त्यांना गावाचं जेवण दिलं, तुमच्याच पोत्यातून. बहिष्कार आहे म्हणून पाहुणा उपाशी ठेवायचा नाही, ह्यावर आपलं दोघांचं एकमत होतं. सकाळी खोली उघडली आणि कुणी गेलं नाही. ती माणसं दारात खुर्च्या टाकून बसली, पेंगली, परत जागी झाली. दुपार उलटली. मी वाटेवरच्या फणसाखाली बसले होते, कुणी फुटतंय का बघायला. आणि तुम्ही आलात, धुतलेला सदरा घालून.

"भावजी, परत फिरा," मी म्हटलं.

"बाय, मी कुणाला मत द्याय न्हाई चाललो."

"मग कशाला चाललात?"

"खोलीत माणूस गेलं पायजे. दिवसभरात एकबी न्हाई गेलं, तर पुढच्या खेपेला ते म्हणतील, हितं खोली कशाला?"

मी वाट सोडली नाही. तुम्ही माझ्या बाजूने रानात उतरलात, करवंदीच्या जाळीतून वळसा घालून गेलात, सदऱ्याची बाही फाडून घेतलीत आणि आत जाऊन आलात. वाडीने तुम्हाला नाही नाही ते म्हटलं. विकला गेला, असंही म्हटलं. मी ते म्हटलं नाही, पण म्हणणाऱ्यांना थांबवलंही नाही. गिरणीवर तुमचं भात मी भरडून देत होते आणि तोंडातून शब्द काढत नव्हते.

मग मतमोजणी झाली. मोजणीच्या हॉलमध्ये बसलेला एका पक्षाचा माणूस कुंभारवाड्याला परतला आणि त्याने सांगितलं, तुमच्या वाडीच्या यंत्रात एकच मत निघालं, आणि ते सगळ्यांत खालच्या बटणाचं. वरीलपैकी कुणी नाही. नोटा.

वाडी हसली. फुकट कोंबडा मारला, खाल्ला कुणीच नाही, म्हणाली. मी हसले नाही. माझ्या डोक्यात वेगळंच आलं, की जन्मभर ज्या माणसाने आपलं मत बायकोलाही कळू दिलं नाही, त्याचं मत आज हल्याळपासून दिग्गीपर्यंत सगळ्यांना माहीत झालं. एकटं मत झाकायला जागा नसते. तुम्हाला आत जाताना ते माहीत होतं का? असणारच. तुम्हाला मतदानातलं काय माहीत नव्हतं? तुम्ही दुसऱ्या दिवशी भाताचं पोतं घेऊन गिरणीवर आलात, ते खाली ठेवलंत आणि म्हणालात, "कळलं न्हवं आता सगळ्यांला." मी म्हटलं, "कोंडा न्यायचाय की ठेवू?" एवढंच बोलले. बोलणं पुन्हा सुरू झालं ते तसं.

पुढे पूल झाला. तो कशामुळे झाला ह्यावर आपण भांडत राहिलो. मी म्हणते बहिष्कारामुळे. तुम्ही म्हणायचात, बहिष्काराने साहेब फक्त रागावतात. कागदावर त्या खोलीत एक मत पडलं, म्हणजे तिथे माणसं आहेत हे राहिलं, म्हणून पूल झाला. दोघांनाही सिद्ध करता आलं नाही. मी अजून माझ्या बाजूला आहे, भावजी. मेलात म्हणून तुमचं मान्य करणार नाही. पण तुम्ही त्या दिवशी आमच्या बाजूचे होतात, आमच्यातले सगळ्यांत टोकाचे, हे मला कळलं होतं, आणि ते कधीतरी म्हणायचं राहिलं. म्हटलं असतं तर तुम्ही फुगला असतात. म्हणून आता म्हणते.

आणि त्या पुलावरून पुढे काय गेलं? टेम्पो. जंगलातली घरं सोडून बाहेर जाणाऱ्यांना सरकार रक्कम देतं, ती घेऊन एकेक घर निघालं. कौलं उतरवून, दारं काढून, म्हशी चढवून. पूल नसता तर इतक्या सहज गेले नसते, असं तुम्ही एकदा म्हणालात. नंतर स्वतःच म्हणालात, नाही, आजारी माणसासाठी हवाच होता. आपल्या भांडणात तुम्ही दोन्ही बाजूंनी बोललात अशी ती एकच वेळ. वाडीतल्या विठोबाचा भाऊ असाच बाहेर गेला, त्याच्या घराची किल्ली विठोबाकडे. शाळा बंद झाली, पोरंच नाहीत. शाळेच्या पायरीवर आता शेळ्या बसतात.

ह्यांचंही तेच म्हणणं आहे, रक्कम घ्यावी, लेकीजवळ दांडेलीला राहावं. फोनला रेंज पुलावर गेल्यावर मिळते, तिथे उभं राहून मी ते ऐकते. चूक नाही त्यांचं. गिरणीला भात नाही, संध्याकाळी दिवा लावला की समोरच्या घरात दिवा नसतो. मी हिशेबी बाई आहे, मला कळतं. मी अजून त्या रकमेच्या कागदावर सही केलेली नाही, इतकंच.

तुम्ही शेवटचं भात भरडायला आलात तो दिवस. नवं भात, सुवास सुटला होता. तांदूळ पोत्यात भरून तुम्ही त्याच पोत्यावर बसलात. खोली हलवायचं चाललंय हे तेव्हाच कानावर आलं होतं. कुंभारवाड्याला मत द्यायला जायचं म्हणजे म्हाताऱ्यांनी दिवसभराची चाल. बस कधी असते, कधी नसते. त्या दिवशी तुम्ही मतदारसंघाचा इतिहास काढला नाहीत. म्हणालात, "साहेब येतील तवा जेवण गावाचं व्हायला पायजे. पोतं फिरवायला माझं गुडघं चालत न्हाईत." मी कोंडा झाडून गोळा केला. मग तुम्ही विचारलंत, "तू जाणार काय गे?"

मी इंजिन चालू केलं. भरडायला काही नव्हतं, तरी केलं. तुम्ही पोतं डोक्यावर घेऊन एकेक पाऊल टाकत गेलात. चार दिवसांनी सकाळी पडवीत, भिंतीला टेकून. चहाचा कप सरळ होता, सांडला नव्हता.

तुमची लेक गोव्याहून आली, सगळं नीट केलं. बाराव्यानंतर घराला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, काकी, तांदूळ आहेत कणगीत, वापरा. मी दार उघडलं नाही अजून. किल्ली गिरणीच्या खिळ्याला आहे.

बाराव्याच्या जेवणानंतर देवळाच्या कठड्यावर विठोबा बसला होता. त्याने सही केलीय, उन्हाळ्यात जाणार. मी साहेबांच्या जेवणाचा विषय काढला तर म्हणाला, "सोमा हुता तवर ठीक हुतं. आता कुणाकुणाच्या दारात जाशील? अर्ध्या घरांला कुलपं. कुलूप लावलेल्या घराचं कसलं आलंय मापटं?"

मी म्हटलं, किल्ली ज्याच्याकडे त्याने द्यायचं.

"आणि तुजा घोव तर जायचं म्हणतोय. मग हितं खोली ऱ्हायली काय आणि ग्येली काय, तुला कशाला पडलीय?"

ह्याचं उत्तर तुमच्याकडे असतं, आणि ते ऐकून मी तुमच्याशी भांडले असते, आणि भांडता भांडता माझं उत्तर मला सापडलं असतं. ते असं व्हायचं नेहमी, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. विठोबाशी भांडता येत नाही. तो पाठ फिरवून निघून जातो.

तपेलं वाळलं. बुडाला अजून काळं आहे, पण आतून चकचकीत निघालं.

शुक्रवार.

सकाळी धुकं होतं. तुमचं मापटं तुमच्या लेकीने मला बाराव्यालाच दिलं होतं, ते घेतलं. पहिलं मापटं माझ्या घरचं भरलं, तळहात फिरवला, पोत्यात ओतलं. मग खिळ्यावरची किल्ली काढली आणि तुमचं घर उघडलं. आत काही बघत बसले नाही. कणगीतून एक मापटं काढलं, सपाट केलं, वरचे दाणे परत कणगीत टाकले, कुलूप लावलं.

मग विठोबाच्या दारात उभी राहिले. तो ओट्यावर दात घासत होता. पोत्याकडे बघितलं.

"सोमाच्या घरचं घातलंस?"

"घातलं."

तो चूळ भरून आत गेला. सूपभर तांदूळ आणले, त्यातून मी मापटं भरून घेतलं. मी पोत्याचं तोंड आवळायला लागले तर म्हणाला, थांब. सुपात अजून होते. त्याने माझ्या हातातून मापटं घेतलं, पुन्हा भरलं आणि स्वतःच तळहात फिरवला.

"हे भावाच्या घरचं," तो म्हणाला. "वरच्या आळीतल्या दोन किल्ल्या गंगव्वाकडं हाईत. तिला इसरू नको."

मी पोतं डोक्यावर घेतलं आणि वरच्या आळीकडे निघाले.